मेल ‘बाउन्स’ झाला, हे मराठीत कसे सांगाल?

फोंडा: जत्रेची निमंत्रणे मेलने पाठवली, बरेच मेल परत आले. देवस्थानच्या अध्यक्षांना म्हटले ‘बाउन्स झाले’, तर त्यांचा सवाल, ‘चेक कोणाला दिलेला?’ बरा मराठी शब्द हवा.

म्हापसा: मग चेकचाच शब्द घ्या. ‘मेल वटला नाही.’

डिचोली: ‘साभार परत’ सुचत होते, पण संपादक निदान आभार तरी मानतात. सर्व्हर नुसता आकडा तोंडावर फेकतो. तो आकडा मात्र वाचावा. ४ ने सुरू होणारा म्हणजे ‘नंतर बघू’, पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. ५५० बहुधा ‘या नावाचे इथे कोणी नाही’. तेव्हा शब्दही दोन हवेत: पहिला मेल ‘खोळंबला’, दुसरा ‘परतला’. ‘वटला नाही’मध्ये हा फरक बुडतो.

पेडणे: आणि परतीचा निरोप आणणारा तो ‘मेलर-डीमन’? आमच्या ऑफिसात त्याला राक्षस समजून व्हायरस शोधत बसले होते. १९६३च्या सुमारास अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या मंडळींनी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या काल्पनिक डीमनवरून ‘डीमन’ हे नाव घेतले. कोणी न सांगता मागे राबत राहणारा प्रोग्राम तो. गोव्यात याला शब्द तयार आहे: देवचार! दिसत नाही, पण हद्द राखतो. फक्त याला रोट लागत नाही.

मडगाव: मी न पाठवलेले मेलही माझ्याकडे परत येतात. पर्वरीतले फ्लॅट विकतोय म्हणे मी!

डिचोली: कोणीतरी तुमचा पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून घातला. याला ‘तोतया मेल’ म्हणा. पेशवाईपासून चालत आलेला शब्द आहे.

म्हापसा: आणि स्पॅमला ‘रद्दी’?

पेडणे: रद्दीचे किलोमागे पैसे मिळतात हो. त्यापेक्षा जुना ‘नॉटपेड’ बरा. तिकीट न लावलेल्या पत्राचा भुर्दंड घेणाऱ्यालाच पडायचा, इथेही तेच. १९७८ साली इंटरनेटच्या पूर्वजावर, अर्पानेटवर, संगणक विकायला शेकडो जणांना एकच जाहिरात गेली, तेव्हापासून हा भुर्दंड चालू आहे.

फोंडा: ‘खोळंबला’ आणि ‘परतला’ अध्यक्षांना पटले. आता विचारतात, जे मेल पोचले पण लोकांच्या स्पॅममध्ये पडले, त्यांना काय म्हणायचे?

मडगाव: काही म्हणू नका, फोन करा.