पशुवैद्यकातली पीएचडी आणि एसी खोली

भाच्यानं पशुवैद्यकात पीएचडी करावी का, असं इथं एकांनी विचारलंय. त्यावर दुसऱ्या एकांनी लिहिलंय की पीएचडी म्हणजे तीन वर्षं एसीत बसून कागद काळे करणं, त्यापेक्षा भाच्याला सरळ प्रॅक्टिस टाकू दे. अर्धं पटलं. पदवीलाच इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, त्यावर एमव्हीएससीची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची दोन, मग ही तीन. पोरगं तिशीला टेकतं आणि घरचे मुली बघायला लागलेले असतात.

पण एसी? आमच्या गल्लीतला एकजण पीएचडीसाठी कासदाहावर, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या आपल्या दगडीवर, काम करत होता. पहाटे चारला गोठ्यात. चार वाट्यांचं पॅडल, प्रत्येक सडाचं थोडं दूध, तेवढंच जांभळं द्रावण, आणि हळूहळू गोल फिरवायचं. ज्या वाटीत दूध शेंबडासारखं चिकट झालं, त्या सडात गडबड. दूध पांढरंशुभ्र, म्हैस ठणठणीत, मालक म्हणतो, "डॉक्टर, काय बी न्हाई तिला." हाच तो सुप्त कासदाह. खरं काम त्यापुढचं: नमुना बर्फात घालून लॅबला न्यायचा, जंतू वाढवायचे, कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते बघायचं. (धारोष्ण दूध पिणं त्यानं तेव्हापासून सोडलं, हे जाता जाता.)

भाच्याला प्रॅक्टिसच करायची असेल तर शस्त्रक्रिया किंवा प्रजननशास्त्रातली एमव्हीएससी पुरे. शिकवायचं किंवा संशोधन संस्थेत जायचं असेल तरच पीएचडी. आपल्याला जवळ सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, नागपूरच्या 'माफसू'चं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. हव्या त्या विषयाला गाईड आहे का, ते आधी विचारा. आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना चहाला गाठा, खरं तेच सांगतील.