मदत हवी आहे : बास्केटबॉलमध्ये उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा) आणि आत घुसणारा गार्ड (चेंडू हाताळणारा), दोघांना एकत्र कसं खेळवावं?

टीम यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची, पोट्टे १७ वर्षांखालचे. सेंटर सगळ्यांत उंच, रिंगखाली पाठ लावून उभा राहिला की हलत नाही. स्टार गार्ड उजवीकडून ड्राइव्ह मारतो, म्हणजे चेंडू टप्पे देत रिंगकडे घुसतो, पण ६.७५ मीटरवरून (तीन गुणांच्या रेषेवरून) त्याचा नेम बेभरवशाचा. भरवशाचा शूटर एकच.

अडचण अशी : सेंटर उजव्या ब्लॉकवर (रिंगजवळ, लेनच्या कडेला) असला की त्याचा डिफेंडर तिथेच मदतीला हजर. ड्राइव्ह अडतो, किंवा वाट पाहता पाहता सेंटरचे लेनमधले (रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्यातले) ३ सेकंद भरतात, त्याहून जास्त थांबता येत नाही.

सेंटरला हाय पोस्टला (फ्री थ्रो रेषेजवळ) आणून पाहिलं. रस्ता मोकळा झाला, पण रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे उसळलेले चेंडू) गेले, आणि त्याची खरी किंमत तिथेच आहे. डाव्या ब्लॉकवर ड्राइव्ह जमतो, पण आत द्यायचा पास लांबतो आणि कापला जातो. पिक अँड रोलमध्ये (सेंटर गार्डच्या डिफेंडरची वाट अडवतो, म्हणजे स्क्रीन लावतो, आणि मग रिंगकडे वळतो) समोरचे स्क्रीनच्या खालून, म्हणजे रिंगच्या बाजूने जातात, कारण बाहेरून शॉटची भीतीच नाही.

एनबीएत लेकर्सच्या शॅक-कोबी (सेंटर शकील ओनील आणि गार्ड कोबी ब्रायंट) जोडीने २००० ते २००२ सलग तीन विजेतेपदं घेतली हे ठाऊक आहे, पण कोबीला मधल्या अंतराचा शॉट होता. आमच्याकडे तोच नाही.

कोर्ट सिमेंटचं, उन्हामुळे सराव फक्त सकाळी. स्टारला बेंचवरून आणणं नको, बदली गार्ड कच्चा आहे. समोर बहुतेक २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन, प्रत्येकजण आपली जागा राखतो असा बचाव) असतो.

तर ड्राइव्ह सुरू होताच सेंटरने डाव्या बेसलाइनला, लेनच्या बाहेर सरकावं की एल्बोवर (फ्री थ्रो रेषेच्या टोकाला) यावं? आणि चेंडू सेंटरकडे गेल्यावर स्टारने लगेच कट मारावा (चेंडूशिवाय रिंगकडे धावावं), की शूटरच्या डिफेंडरला स्क्रीन लावावी?