बुरशी आर्जिनिन बांधते आणि मुळात नेऊन तोडते, असं का?

मूळरोम:
दोन कप्प्यांच्या पेट्री डिशमध्ये गाजराची मुळं आणि ऱ्हायझोफॅगस इररेग्युलॅरिस (मुळात राहून झाडाला नायट्रोजन देणारी, बदल्यात साखर घेणारी बुरशी) वाढवतेय. मधला बांध ओलांडून फक्त बुरशीचे तंतू पलीकडे जातात. तिकडच्या तंतूंत ग्लुटामिन सिंथेटेजचं (अमोनियम बांधून ग्लुटामिन हे अमिनो आम्ल करणाऱ्या एन्झाइमचं) जनुक जोरात चालू दिसतं, मुळाच्या आतल्या तंतूंत आर्जिनेज आणि युरिएज या आर्जिनिन तोडणाऱ्या एन्झाइमांची. म्हणजे बाहेर अमोनियम घ्यायचं, एटीपी (पेशीची ऊर्जा) खर्चून आर्जिनिन हे अमिनो आम्ल करायचं आणि आत नेऊन परत अमोनियम! थेट अमोनियमच का नाही पाठवत? तीन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

तंतूवेडा:
अमोनियम साठलं की पेशीला बाधतं. आर्जिनिन साठवायला सुरक्षित.

मूळरोम:
सुरक्षित तर ग्लुटामिनही आहे. मग आर्जिनिनच का?

जुनीप्रयोगवही:
कर्बाचे अणू मोजा. ग्लुटामिनमध्ये ५ कर्बांवर २ नायट्रोजन, आर्जिनिनमध्ये ६ वर ४. शिवाय आर्जिनिनवर धन प्रभार असतो, त्यामुळे रिक्तिकेतल्या (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीतल्या) ऋणप्रभारित पॉलिफॉस्फेटला (फॉस्फेटच्या साखळीला) धरून राहतं. पण मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा टप्पा. आर्जिनेज आर्जिनिनचे ऑर्निथिन आणि युरिया असे दोन तुकडे करतं. युरियातले दोन्ही नायट्रोजन युरिएज अमोनियम म्हणून सोडतं आणि तेच झाडाकडे जातात. युरियातला एकुलता एक कर्ब मूळचा बायकार्बोनेटमधला, तो कार्बन डायऑक्साइड होऊन गेला तरी बिघडत नाही. साखरेतून आलेले पाचही कर्ब ऑर्निथिनमध्ये बुरशीकडेच राहतात. ही बुरशी सगळा कर्ब झाडाकडून घेते; अख्खं अमिनो आम्ल दिलं तर तोच परत द्यावा लागेल. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं काम अशाच दोन कप्प्यांत झालं होतं : खुणेचा (माग काढता येईल असा समस्थानिकाचा) नायट्रोजन झाडात पोचला, आर्जिनिनचा कर्ब मात्र बुरशीतच राहिला.

मूळरोम:
बायकार्बोनेटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता! वहीत आर्जिनिनचा रेणू काढून एकेक कर्ब रंगवला, तेव्हा पटलं. आता अडचण वेगळीच. युरिएजचं जनुक चालू आहे, पण तंतूंच्या अर्कात एन्झाइमची क्रिया जवळजवळ शून्य.

जुनीप्रयोगवही:
जनुक चालू म्हणजे एन्झाइम तयार, असं धरू नका. युरिएजच्या गाभ्यात निकेलचे दोन अणू लागतात, ते बसवायला वेगळी साहाय्यक प्रथिनं असतात. माध्यमात निकेल आहे?

मूळरोम:
आत्ता माध्यमाची कृती उघडून पाहिली. मँगनीज, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम, सगळं आहे. निकेल नाही. उद्या निकेल घालून आणि न घालून, अशा दोन्ही डिशेस लावते.