पाठवलेले मेल पार्टीला पोचतात, पण 'सेंट'मध्ये सापडत नाहीत

शिरोली_ऑफिस

नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंगचं युनिट आहे. कोटेशन, पीओ, डिस्पॅच, सगळा पत्रव्यवहार मी बघते. डोमेन आमचं स्वतःचं, मेल शेअर्ड होस्टिंगवर, मेलबॉक्सला १ जीबी जागा. ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, साहेबांकडे आयफोन, बाहेरगावी असलं की वेबमेल. तिन्हीकडे एकच अकाउंट, आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवर राहतात आणि तिन्हीकडून तेच दिसतात.

इनबॉक्स सगळीकडे सारखा आहे. फोनवर वाचलेला मेल पीसीवरही वाचलेलाच दिसतो. घोळ फक्त पाठवलेल्या मेलचा. साहेबांनी फोनवरून पाठवलेलं मला दिसत नाही. मी पाठवलेलं वेबमेलला कधी दिसतं, कधी नाही. ड्रॉइंग जोडलेले मोठे मेल तर जवळजवळ नाहीतच. पार्टीची उत्तरं मात्र येतात, म्हणजे मेल जातोय.

आता एक पार्टी म्हणतेय की तुमच्या रेटमध्ये पॅटर्नचा (साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याचा) खर्च धरलेला होता. मी तो वेगळा लिहिला होता, आणि त्यावर "मिळालं" असं त्यांचं उत्तरही माझ्या इनबॉक्सला आहे. पण उत्तराखाली माझा मजकूर नाही, आणि मूळ मेल कुठेच नाही. होस्टिंगवाले म्हणतात, सर्व्हर ठीक आहे, मेल गेलेला आहे.

अजून एक. मोठा मेल पाठवला की शेवटी थंडरबर्ड एक चौकट दाखवतो: मेल गेला, पण प्रत ठेवता आली नाही. खाली रिट्राय आणि सेव्ह अशी बटणं असतात. मी सेव्ह दाबते. मग ते सेव्ह होतं कुठे?

मिरज_मेकॅनिकल

अकाउंट डिलीट करून परत ॲड करा. तरी नाही झालं तर थंडरबर्ड काढून पहिल्यापासून टाका. आमच्याकडे तेवढ्यानंच सुटलं होतं.

स्थळप्रत

ताई, कृपा करून यातलं काहीही आत्ता करू नका. तुमचे मेल बहुतेक त्याच पीसीवर आहेत. स्वच्छ सुरुवात करायच्या नादात कुणी प्रोफाइल (थंडरबर्डचा पीसीवरचा सगळा साठा) उडवलं किंवा मशीन फॉरमॅट केलं, तर ते खरोखरच जातील. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय आणि लोकांचा पत्रव्यवहार असाच गेलेला पाहिलाय, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आधी नीट समजून घ्या. मेल पाठवणं आणि त्याची स्थळप्रत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पत्र पोस्टात पडलं म्हणून ऑफिस कॉपी आपोआप फाइलला लागत नाही, तसंच हे. पाठवण्याचं काम एसएमटीपी (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) करतं, बहुधा ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून, पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार. ते झालं की थंडरबर्ड दुसऱ्या जोडणीनं, आयमॅपवरून, साधारण ९९३ पोर्टवर, तोच मेल पुन्हा अख्खा वर चढवतो आणि 'सेंट' फोल्डरात ठेवायला सांगतो. होस्टिंगवाल्यांनी पहिलं काम तपासलं. ते झालंच आहे. तुमचं अडतंय दुसऱ्यात.

मोठेच मेल का अडकतात तेही यातच आलं. जोडलेली फाइल मेलमध्ये अक्षररूपात जाते, त्यात ती एक तृतीयांशाहून थोडी जास्त फुगते. १८ एमबीची ड्रॉइंग्ज म्हणजे सुमारे २५ एमबी, आणि तेही दोनदा वर चढणार. दुसऱ्या फेरीत लाइन तुटली, वेळ संपली किंवा १ जीबीचा डबा भरलेला असला, की मेल गेला पण प्रत नाही. डबा किती भरलाय ते वेबमेलमध्ये आधी बघा, माझा पहिला संशय तिथेच आहे.

सेव्ह दाबल्यावर प्रत जाते थंडरबर्डच्या डाव्या यादीत सगळ्यात खाली असलेल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये. तिथे 'सेंट' आणि पुढे तुमच्या अकाउंटचं नाव असलेला फोल्डर असेल. तो उघडा.

साहेबांच्या फोनची गोष्ट वेगळी. पाठवलेल्या फोल्डरला प्रत्येक प्रोग्रामनं आपापलं नाव ठेवलंय. आउटलुकचं 'सेंट आयटम्स', ॲपलचं 'सेंट मेसेजेस', बाकीच्यांचं नुसतं 'सेंट'. "हाच पाठवलेल्यांचा फोल्डर" अशी खूण सर्व्हरनं सांगायची सोय २०११ साली आरएफसी ६१५४ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरली, पण सगळे सर्व्हर ती देतातच असं नाही. थंडरबर्डमध्ये अकाउंटवर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा. सर्व्हरवर खरोखर किती फोल्डर आहेत ते तिथे दिसेल.

शिरोली_ऑफिस

सापडला! 'लोकल फोल्डर्स'मध्ये तो फोल्डर होता, आणि त्यात ते कोटेशन ड्रॉइंगसकट आहे. पॅटर्नची ओळ वेगळीच आहे. डबा ९८ टक्के भरलाय. सबस्क्राइबमध्ये 'सेंट' आणि 'सेंट मेसेजेस' असे दोन निघाले, दुसऱ्यात साहेबांचे सगळे मेल आहेत.

आता हे एकत्र कसं करू? आणि आपल्याच पीसीवरची प्रत पार्टीनं मानली नाही तर?

स्थळप्रत

फार बरं झालं. आधी जागा करा: सर्व्हरवरचे जुने जड मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये उतरवा, नाहीतर होस्टिंगवाल्यांकडून डबा वाढवून घ्या. मग 'लोकल'मधले पाठवलेले मेल निवडून सर्व्हरच्या 'सेंट'वर 'कॉपी टू' करा, 'मूव्ह' नको. थोडे थोडे घ्या. वेबमेलला उघडून ड्रॉइंगसुद्धा उघडतंय ना ते पाहा, तोवर मूळ प्रत राहू द्या. 'सेंट मेसेजेस'मधलेही तसेच.

मग अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स'ला जाऊन प्रत सर्व्हरवरच्याच 'सेंट'मध्ये पडतेय याची खात्री करा. आयफोनवर त्या अकाउंटच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'सेंट मेलबॉक्स' असतं, तिथे 'ऑन द सर्व्हर'खालचा तोच फोल्डर निवडा.

पार्टीचं म्हणाल तर तुमच्याकडे चांगला पुरावा आहे. कोटेशनचा मेल उघडून कंट्रोल आणि यू दाबा. वरच्या ओळींत 'मेसेज-आयडी' म्हणून कोनी कंसातली एक लांबलचक ओळ दिसेल. आता त्यांचं "मिळालं" हे उत्तर तसंच उघडा आणि 'इन-रिप्लाय-टू' शोधा. तिथे तीच ओळ असली, तर ते उत्तर तुमच्या त्याच मेलला आहे. त्यांच्याच इनबॉक्समध्ये तो मेल शोधायला हा आयडी त्यांना कळवा. दोन्ही मेल 'सेव्ह ॲज' करून ईएमएल फाइल म्हणून ठेवा. नुसती प्रिंट काढली तर या ओळी त्यात येत नाहीत.

पिंपरी_लिनक्स

एक भर. ज्यांचं मेल जीमेलवर आहे त्यांनी हे जसंच्या तसं करू नये. जीमेलचा एसएमटीपी पाठवतानाच प्रत स्वतः ठेवतो, तिथे थंडरबर्डमधला प्रत ठेवण्याचा पर्याय बंदच ठेवावा. आणि स्वतःचा डव्हकॉट (आयमॅप सर्व्हरचा प्रोग्राम) चालवणाऱ्यांनी आपली सेटिंग फाइल बघा. बऱ्याच आवृत्त्यांसोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये 'सेंट' आणि 'सेंट मेसेजेस' दोघांनाही पाठवलेल्याची खूण लावलेली असते. आमच्याकडे मी एकच ठेवली.

शिरोली_ऑफिस

दोन्ही ओळी अक्षर न अक्षर जुळल्या. आयडी आणि ईएमएल फाइल पार्टीला पाठवली, त्यांच्या परचेसवाल्यांना मेल मिळाला, आता पॅटर्नचं वेगळं बिल करायला सांगितलंय. साहेबांच्या फोनचं सेटिंगही बदललं. जुने मेल वर्षावार कॉपी करतेय, २०२३ पर्यंतचे झाले. स्थळप्रत, तुमचे मनापासून आभार.