मदत हवी आहे: नावू ते सॉल्ट लेक सिटी प्रवासात पूर्वजांच्या नोंदी कुठे शोधाव्यात?

सप्टेंबरमध्ये पती व सासूबाईंसह इलिनॉयमधील नावूपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंत, 1846-47 मध्ये मॉर्मन या अमेरिकेतील धर्मपंथाच्या लोकांनी केलेल्या स्थलांतराच्या सुमारे 1,300 मैलांच्या वाटेने, मोटारीने जाण्याचा बेत आहे. सासूबाईंचे पूर्वज नावूत राहत होते, हे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरील वंशवृक्षातून कळले. परंतु त्यांच्या घराची जागा आणि आयोवा राज्य ओलांडताना दगावलेल्या त्यांच्या मुलीची दफनभूमी यांचा उल्लेख तेथे नाही. सासूबाईंना त्या मुलीचा शोध अधिक महत्त्वाचा वाटतो. आयोवातील माउंट पिसगा या त्या वाटेवरील जुन्या मुक्कामाच्या ठिकाणी असलेल्या स्मारकावर मृतांची नावे कोरलेली असल्याने तो थांबा ठरवलाच आहे. आम्ही मॉर्मन चर्चचे सदस्य नाही आणि सासूबाईंना फार चालवत नाही. अशा परिस्थितीत जमिनीच्या नोंदींसाठी आधी नावूतील या चर्चच्या अभिलेख कार्यालयात जावे की कार्थेज येथील हॅनकॉक काउंटीच्या (नावू ज्या जिल्ह्यात येते त्या) कचेरीत, आणि स्मारकावर मुलीचे नाव न आढळल्यास आयोवात आणखी कुठे चौकशी करावी?