मनालीची सहल आणि उत्तरेतील बर्फाचा इशारा

अ-४०२ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. आम्ही सहा जण बुधवारी पहाटेच्या विमानाने दिल्लीला आणि त्याच रात्री बसने मनालीला निघणार आहोत, परंतु हवामान विभागाने कुलू आणि लाहौल-स्पिती या जिल्ह्यांना बुधवार-गुरुवारसाठी नारिंगी इशारा दिला आहे. सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा सोबत आहेत. सी विंगमधील काका हवामान खात्यात होते, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-१०१ : वहिनी, मी पुण्यात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्याच्या कार्यालयात, नोकरी केली हे खरे, पण ती उपकरणांच्या विभागात, अंदाज वर्तवणारे निराळे, हे आधी सांगून ठेवतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेला पश्चिमी झंझावात, म्हणजे कमी दाबाची प्रणाली, उंचावरील वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतो, तेव्हा डोंगरावर बर्फ आणि पंजाब-हरियाणात गडगडाटासह पाऊस पडतो. हिवाळ्यात असे झंझावात महिन्याला चार-सहा तरी येतात, म्हणून केवळ बर्फाच्या नावाने घाबरण्याचे कारण नाही.

ब-२०३ : मग जायला हरकत नसावी. लोक बर्फ पाहायलाच तर मनालीला जातात, आणि आता मनालीच्या पुढे रोहतांगखालचा अटल बोगदाही झाला आहे.

सी-१०१ : बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि २०२० पासून सुरू आहे, पण त्याची दोन्ही तोंडे ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. बोगद्यात बर्फ पडत नसला, तरी तिथवर नेणाऱ्या रस्त्यावर पडतोच. ताज्या हिमवृष्टीनंतर मनालीच्या पुढे बहुधा चाकांना साखळ्या लावलेल्या फोर-बाय-फोर गाड्यांनाच सोडतात आणि बाकीच्या गाड्या तासन्‌तास अडकून राहतात. खरी भीती पडणाऱ्या बर्फापेक्षा दुसऱ्या पहाटेची असते, कारण दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखे गोठते आणि ते चालकाला दिसत नाही. इशारा बुधवार-गुरुवारचा आहे आणि तुमची बस नेमकी त्याच रात्री घाटात असेल, हे मला पटत नाही.

अ-४०२ : हॉटेलवाले पैसे परत देणार नाहीत, पण तारीख पुढे ढकलायला तयार आहेत. दोन दिवसांनी फरक पडेल का?

सी-१०१ : पडेल. पुढच्या तीन दिवसांच्या अंदाजावर बराच विसंबता येते, त्यापुढचा मात्र रोज तपासावा लागतो. झंझावात पूर्वेकडे सरकला की आकाश निवळते आणि रस्ते मोकळे करणाऱ्यांना वेळ मिळतो. थंडी मात्र वाढेल, आणि दिल्लीत सकाळी धुके दाटून विमानाला उशीर होण्याची शक्यता राहील, म्हणून शक्यतो दुपारचे विमान घ्या.

ड-३०१ : काका, विषय मनालीचा आहे, तरीही विचारतो. आमच्या जालन्याच्या शेतात हरभरा काढणीला आला आहे. याच प्रणालीमुळे आपल्याकडे गारपीट होईल का?

सी-१०१ : प्रत्येक झंझावात इतका खाली परिणाम करत नाही. त्याची द्रोणीय रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, दक्षिणेकडे लांबली आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत आले, तर विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. आजच्या पत्रकात मराठवाड्यासाठी इशारा नाही, तरी काढलेला हरभरा उघड्यावर ठेवू नका. नंतर उत्तरेचे कोरडे वारे येतील आणि निफाडकडचा पारा नेहमीप्रमाणे सर्वांत आधी घसरेल.

ब-२०३ : माझे म्हणणे मागे घेतो, वहिनी.

अ-४०२ : शुक्रवारी दुपारचे विमान मिळाले. मनालीच्या पुढे जायचे की नाही, ते तिथे पोहोचल्यावर स्थानिक पोलिसांना विचारून ठरवू. सासूबाई म्हणतात, बर्फ हॉटेलच्या खिडकीतून दिसला तरी चालेल.

सी-१०१ : गुरुवारी दुपारचे पत्रक आले की मी इथे टाकतो. रंग लाल झालेला दिसला, तर शुक्रवारही सोडा.