सिकलसेल तपासणीच्या कामासाठी खाजगी संदेश-ॲप कोणते निवडावे?

सातपुडा_कार्यकर्ती (शहादा, जि. नंदुरबार) यांचा प्रश्न

नमस्कार. शहादा आणि धडगाव तालुक्यांतील काही पाड्यांवर आम्ही काही जण सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना मदत करतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून हे काम वाढले आहे आणि त्याचा सगळा समन्वय व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर चालतो. शिबिर कधी, गाडी कोणाची, कोणत्या पाड्यावर कोण जाणार हे तिथे ठरते आणि त्याच ओघात नोंदवहीच्या पानांचे फोटोही तिथेच टाकले जातात. त्या पानांवर नाव, वय, गाव आणि चाचणीचा निकाल असतो.

माझी काळजी या फोटोंविषयी आहे. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक असते. माणूस केवळ वाहक (स्वतः आजारी नसला तरी आजार पुढच्या पिढीत नेऊ शकणारा) आहे की रुग्ण आहे, हे तिच्यातून कळत नाही, ते पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनंतरच स्पष्ट होते. पाड्यावर मात्र पहिल्या चाचणीचा फोटो पोहोचतो आणि लोक त्यालाच अंतिम निकाल समजतात. आमच्या भागात एका मुलीची ठरत आलेली सोयरीक अशाच एका फोटोमुळे मोडली. तो फोटो आमच्या ग्रुपमधल्याच कोणाच्या तरी मोबाईलमधून बाहेर गेला होता.

आता दुसरे ॲप घ्यावे असे काही जणांचे म्हणणे आहे. कोणी सिग्नल सुचवतो, कोणी टेलिग्राम, तर कोणी अराट्टाई. आमचे निम्मे सहकारी लिहिण्यापेक्षा पावरी किंवा अहिराणीत बोलून ध्वनिसंदेश पाठवतात, अनेक घरांत एकच मोबाईल सगळे वापरतात आणि धडगावच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नसतो. या परिस्थितीत लोकांची माहिती जपणारे आणि त्या माहितीचा व्यापार न करणारे ॲप कोणते, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, पर्यायांपैकी टेलिग्राम आधी बाजूला ठेवा. ते फार गुप्त आहे असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे, पण त्यातील साधे संभाषण आणि सर्व ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही वाचता न येणारे) नसतात. तसे संरक्षण केवळ दोघांमधल्या ‘सीक्रेट चॅट’ला मिळते आणि तेही स्वतः सुरू करावे लागते. म्हणजे तुमच्या ग्रुपमधील मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर कंपनीला वाचता येईल अशा स्थितीत राहणार. अराट्टाई आपल्या देशातील झोहो कंपनीचे आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोकांनी ते मोठ्या संख्येने घेतले, तेव्हा त्यातील कॉल एन्क्रिप्टेड होते, साधे लिखित संदेश मात्र नव्हते. देशी असणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु रुग्णाच्या माहितीसाठी पहिली अट एन्क्रिप्शनची आहे आणि ग्रुपमधील संदेशांबाबत ती आज पूर्ण होते का, हे तपासल्याशिवाय ते घेऊ नये.

व्हॉट्सॲपविषयी न्याय्य बोलायचे तर २०१६पासून त्यातील संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत आणि त्यासाठी सिग्नलचीच पद्धत (प्रोटोकॉल) वापरली जाते. त्यामुळे ‘कंपनी आपले फोटो पाहते’ हा आरोप मी करणार नाही. प्रश्न संदेशाभोवतीच्या माहितीचा आहे. घरात काय बोलणे झाले हे गावाला कळले नाही, तरी कोण कोणाच्या दारात किती वेळा गेले हे कळते आणि पुष्कळदा तेवढे पुरते; त्याचप्रमाणे कोणता क्रमांक कोणत्या ग्रुपमध्ये आहे, कोणाशी आणि कधी संपर्क करतो, ही माहिती व्हॉट्सॲपची मालक असलेल्या, जाहिरातींवर चालणाऱ्या मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनीच्या हाती राहते. २०२१च्या गोपनीयता-धोरणातून ही माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याची अट ग्राहकांवर लादली, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला होता.

सिग्नल मुळात ही माहिती साठवतच नाही. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून त्यांना न्यायालयीन समन्स आले, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरशी शेवटचे कधी जोडले गेले. हे ॲप नफा न कमावणाऱ्या प्रतिष्ठानाचे आहे. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, यांनी फेसबुक सोडल्यावर २०१८ साली पाच कोटी डॉलर देऊन ते प्रतिष्ठान उभे करण्यास मदत केली. ॲपचा सोर्स कोड (ज्यातून ॲप बनते ती मूळ आज्ञावली) सर्वांसाठी खुला आहे, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो.

मात्र तुमच्या अडचणीचे खरे मूळ मला गॅलरीत दिसते. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, सेटिंग बदलली नसेल तर, आपोआप गॅलरीत उतरतो. मग घरातील मुले, पाहुणे, दुकानदार ज्याच्या हाती मोबाईल जाईल त्याला तो दिसतो, आणि गूगल फोटोजचा बॅकअप सुरू असेल तर तिथेही त्याची प्रत जाते. सिग्नलमध्ये आलेला फोटो ॲपच्या आतच राहतो, मुद्दाम जतन केल्याशिवाय गॅलरीत येत नाही. शिवाय संपूर्ण ग्रुपसाठी संदेश ठरावीक मुदतीनंतर नाहीसे होण्याची सोय आहे. तुमच्या कामाला आठवड्याची मुदत पुरेल. ॲपला स्वतंत्र कुलूप लावता येते, ही सामायिक मोबाईलच्या घरांत फार मोलाची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२४पासून आपला क्रमांक ज्याच्याकडे जतन केलेला नाही त्याला तो दिसतही नाही. व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपमध्ये आपले क्रमांक उघडे पडल्यामुळे आशाताईंना जे नकोसे कॉल येतात, ते यामुळे टळतील. ध्वनिसंदेश नेहमीसारखेच पाठवता येतात. खाते उघडण्यासाठी मोबाईल क्रमांक मात्र लागतोच.

थ्रीमा, ब्रायर आणि एलिमेंट यांचीही नावे तुम्हाला कोणी सुचवेल. केंद्र सरकारने मे २०२३मध्ये ज्या १४ ॲपवर बंदी घातली त्यांत ही तिन्ही होती, म्हणून त्यांच्यावर काम उभे करू नये.

केळीपट्टा (रावेर)

वरील माहिती बरोबर आहे, पण व्यवहारातील एक अडचण मांडतो. आमच्या केळी-उत्पादकांच्या ग्रुपने भावांची चर्चा सिग्नलवर नेण्याचे ठरवले होते. व्यापारी, ट्रकवाले, मजूर-मुकादम हे सगळे व्हॉट्सॲपवरच राहिले आणि हळूहळू शेतकरीही तिकडेच परतले. सगळा ग्रुप हलवण्याचा आग्रह धरला तर तुमचेही तसेच होण्याचा संभव आहे. शिबिराची तारीख आणि गाडीची सोय व्हॉट्सॲपवरच राहू द्या, त्यात लपवण्यासारखे काही नाही. नोंदवहीशी ज्यांचा थेट संबंध आहे, तेवढ्याच मोजक्या माणसांचा ग्रुप सिग्नलवर करा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनची क्लाऊड-सेवा कोलमडली तेव्हा सिग्नलही बंद पडले होते, कारण त्याचा कारभार त्या सेवेवर अवलंबून आहे. नफ्याविना चालणाऱ्या संस्थेलाही मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर भाड्याने घ्यावे लागतात, त्यामुळे तातडीच्या रुग्णासाठी साधा फोनकॉल हाच मार्ग ठेवा.

साक्री_वैद्यकीय (जि. धुळे)

मी डॉक्टर आहे आणि मला ॲपच्या निवडीआधीची गोष्ट सांगायची आहे. ग्रुपवर नाव जाण्याची गरजच काय? नोंदवहीत प्रत्येकाला क्रमांक द्यावा, ग्रुपवर केवळ तो क्रमांक आणि ‘पुढील चाचणी आवश्यक’ एवढेच लिहावे. नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारे पान उपकेंद्रात कागदावरच राहावे. कोणतेही एन्क्रिप्शन समोरच्या माणसाला पडद्याचा फोटो काढण्यापासून थांबवू शकत नाही. शिवाय निकाल हा त्या व्यक्तीचा आहे, तो तिला एकांतात आणि तिच्या भाषेत सांगितला गेला पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे समजावून सांगायला समोर बसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला, तो पाड्यावरच्या मुलीचाही आहे.

आमच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला या विषयाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेमुळे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. म्हणून ‘नैतिक ॲप’ ठरवताना मी कंपनीच्या कमाईबरोबर हेही पाहतो की, ते एखादी गोष्ट विचार न करता हजारो लोकांपर्यंत ढकलणे किती सोपे करते. लहान, ओळखीच्या माणसांचा ग्रुप मला या कसोटीवरही योग्य वाटतो. केळीपट्टा यांच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे.

सातपुडा_कार्यकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. क्रमांकाची पद्धत येत्या शिबिरापासूनच सुरू करण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि नोंदी पाहणाऱ्या सहकाऱ्यांचा सिग्नलवर वेगळा ग्रुप करून त्यात आठवड्याची मुदत लावणार आहोत. एक शंका उरली आहे. व्हॉट्सॲपवर आधीच गेलेल्या जुन्या फोटोंचे काय करावे? ग्रुपची ॲडमिन मीच आहे.

तापीकाठ

‘सर्वांसाठी डिलीट’ ही सोय संदेश पाठवल्यापासून साधारण दोन दिवसच उपलब्ध असते, त्यामुळे जुने फोटो तुम्हाला एकटीला सगळ्यांच्या फोनमधून काढता येणार नाहीत. पुढच्या बैठकीला सर्वांना मोबाईल घेऊन बोलवा आणि प्रत्येकाकडून तीन ठिकाणचे फोटो काढून घ्या: व्हॉट्सॲपचा ग्रुप, गॅलरी आणि गूगल फोटोज. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो काढल्यावरही ६० दिवस कचरापेटीत राहतात, म्हणून तीही रिकामी करायला सांगा. जे सहकारी घरच्यांचा मोबाईल वापरतात, त्यांच्याकडे कोणी तरी प्रत्यक्ष जाऊन हे करून द्यावे लागेल.